अँटीव्हायरसची लाल खिडकी : इशारा, संसर्ग आणि पुरावा

मागच्या पावसाळ्यात रात्री अकराच्या सुमारास माजरीहून एका ज्युनिअरचा फोन आला. एम.एस्सी. झालेला, पेटची तयारी करणारा मुलगा. "ताई, लॅपटॉपला व्हायरस लागला वाटते. सारखा लाल बॉक्स येऊन राहिला. काय करू?"

एका पुस्तकाची फुकट पीडीएफ शोधता शोधता तो भलत्याच साइटवर पोचला होता. आधी अँटीव्हायरसचा इशारा आला. त्याने घाबरून पान बंद केलं, तर थोड्या वेळाने कोपऱ्यात एकामागून एक लाल चौकटी यायला लागल्या. 'तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले', 'आत्ताच साफ करा', खाली एक फोन नंबर. त्या लॅपटॉपमध्ये खाणीच्या आसपासच्या नाल्यांच्या आणि विहिरींच्या पाण्याचे आठ महिन्यांचे आकडे होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती. आणि शेजारचा एक जण "फॉरमॅट मारून देतो" म्हणून बाजूलाच बसला होता.

मी म्हटलं, "नेट बंद कर. फॉरमॅट नको, त्या नंबरवर फोन नको. उद्या सकाळी बघू."

सकाळी काय निघालं ते शेवटी सांगते. आधी या लाल खिडकीचा इतिहास बघू. तुम्ही म्हणाल, संशोधनाची तयारी करणाऱ्यांना याचं काय? पण पडद्यावर आलेला संदेश कोणी लिहिला, काय बघून लिहिला आणि त्यातून नेमकं काय सिद्ध होतं, हे प्रश्न तुम्हाला पुढे प्रत्येक पेपर वाचताना विचारायचे आहेत. गेल्या चाळीस वर्षांत या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोनदा बदललं आहे.

व्हायरस स्वतःच बोलायचा तेव्हा

पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस 'ब्रेन' मानला जातो. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी तो लिहिला. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सगळ्यात आधी वाचतो त्या जागेत, तो बसायचा. गंमत अशी की आत त्या भावांची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही लिहिलेला होता. आज हे वाचून हसू येतं, पण त्या काळचे बरेच व्हायरस असेच होते. स्वतःची ओळख करून देणारे.

आपल्या जवळचं उदाहरण 'जोशी' व्हायरसचं. जून १९९० मध्ये तो भारतात सापडला. हाही बूट सेक्टरचाच. वर्षभर तो गप्प असायचा आणि ५ जानेवारीला संगणक सुरू केला की पडद्यावर इंग्रजीत आज्ञा यायची : 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. टाइप करेपर्यंत संगणक अडून बसायचा. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून संगणक परत सुरू केला तरी तो मेमरीतून जायचा नाही. पूर्ण बंद करून स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू करावा लागायचा.

या काळाची एक खूण लक्षात ठेवा. पडद्यावर विचित्र संदेश दिसला म्हणजे संसर्ग झालेलाच असायचा, कारण संदेश लिहिणारा खुद्द व्हायरस होता. आपल्या मनातली भीती अजून त्याच काळातली आहे. पडदा लाल झाला की आपण धरून चालतो, लागला.

तरी तेव्हाही आकड्यांचा गोंधळ होताच. 'मायकेलअँजेलो' नावाचा व्हायरस ६ मार्चला डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसून टाकायचा. १९९२ च्या सुरुवातीला जगभरच्या बातम्यांत त्याचा गाजावाजा झाला. ५० लाख संगणक बंद पडतील, हा अँटीव्हायरस विकणाऱ्या जॉन मॅकॅफी यांच्या नावाने फिरलेला आकडा. ६ मार्च उजाडला तेव्हा नुकसानीचा आकडा हजारांतच राहिला. धोका खरा होता, नुकसानही खरं होतं, पण अंदाज देणारा तोच आणि औषध विकणाराही तोच. संशोधनात याला आपण हितसंबंध जाहीर करणं म्हणतो, ते इथे झालंच नव्हतं.

पुण्यातलं दुरुस्तीचं दुकान

यानंतर इशारा देण्याचं काम व्हायरसकडून अँटीव्हायरसकडे गेलं. यातला एक महत्त्वाचा धागा महाराष्ट्रातला आहे. काटकर कुटुंब मूळचं सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूर परिसरातलं. कैलाश काटकर यांनी दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात काम धरलं. पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं आणि तिथून ते संगणक दुरुस्तीकडे वळले. धाकटे भाऊ संजय मॉडर्न कॉलेजमध्ये संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत हार्डवेअर ठीक आणि दुखणं व्हायरसचं, असं वारंवार दिसायला लागलं. संजय यांनी त्यावर छोटे प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. त्यातूनच १९९५ मध्ये डॉसवर चालणारं 'क्विक हील' बाजारात आलं. त्याच नावाची कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली.

आता हे सॉफ्टवेअर ओळखतं कसं ते बघा. सगळ्यात जुनी पद्धत सिग्नेचरची. सापडलेल्या व्हायरसमधला बाइट्सचा एक ठरावीक क्रम यादीत ठेवायचा आणि प्रत्येक फाइलमध्ये तो शोधायचा. दुसरी पद्धत वागण्यावरून अंदाज बांधण्याची : एखादा प्रोग्रॅम अचानक शेकडो फाइली बदलायला लागला तर संशय घ्यायचा. तिसरी वेबसाइटच्या पत्त्यांची काळी यादी.

सिग्नेचरचं काम समजायला 'आयकार' चाचणी फाइल बघा. ६८ अक्षरांची ही ओळ काहीही नुकसान करत नाही. ती केवळ चाचणीसाठी बनवलेली आहे आणि बहुतेक सगळे अँटीव्हायरस तिच्यावर ओरडतात, कारण तसं आपसांत ठरलेलं आहे. यंत्र चालू आहे का हे बघायला घंटा वाजवून बघावी, तसं. म्हणजे घंटेचा अर्थ एवढाच, की 'माझ्या यादीतल्या नमुन्याशी हे जुळलं'.

आणि याला एक सैद्धांतिक मर्यादाही आहे. फ्रेड कोहेन हा सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी. १९८३ मध्ये त्याने स्वतःची नक्कल करणारा प्रोग्रॅम करून दाखवला आणि १९८४ च्या शोधनिबंधात एक सिद्धता मांडली : कुठलाही प्रोग्रॅम व्हायरस आहे की नाही हे दर वेळी अचूक सांगणारा प्रोग्रॅम लिहिताच येणार नाही. तर्क साधा आहे. समजा असा अचूक तपासनीस आहे. मी एक प्रोग्रॅम लिहिते, जो स्वतःबद्दल त्या तपासनीसाला विचारतो. उत्तर 'व्हायरस आहे' आलं तर तो गप्प बसतो आणि 'नाही' आलं तर पसरतो. तपासनीस काहीही म्हणाला तरी चुकणारच. तेव्हा प्रत्येक अँटीव्हायरस कधी ना कधी चुकणार हे या क्षेत्राच्या पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

घंटा वाजली, चोर नव्हता

चुकीचे दोन प्रकार. पहिला, काही नसताना घंटा वाजणं.

३१ जानेवारी २००९ ला गूगलवर काहीही शोधलं तरी प्रत्येक निकालाखाली 'ही साइट तुमच्या संगणकाला अपाय करू शकते' असा इशारा येत होता. प्रत्येक म्हणजे खरोखर प्रत्येक साइटला. धोकादायक साइटच्या यादीत कोणाच्या तरी हातून नुसती एक तिरकी रेघ '/' नोंदली गेली होती आणि ती रेघ सगळ्याच वेब पत्त्यांत असते. साधारण तासाभरात चूक दुरुस्त झाली.

दुसरी गोष्ट २१ एप्रिल २०१० ची. मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधली 'एसव्हीसीहोस्ट' ही विंडोजचीच अत्यावश्यक फाइल व्हायरस म्हणून उचलली. कितीतरी संगणक पुन्हा पुन्हा बंद होऊन सुरू होत राहिले. व्हायरस नव्हताच, सगळं नुकसान उपचाराने केलं. शेजाऱ्याचं "फॉरमॅट मारून देतो" ऐकल्यावर मला हाच प्रसंग आठवला होता.

इथे थोडं गणित करा. समजा तुमच्याकडे १०,००० फाइली आहेत आणि त्यातल्या १० खरोखर वाईट आहेत. तपासनीस १०० पैकी ९९ वाईट फाइली पकडतो आणि चांगल्या १०० पैकी फक्त एकीवर चुकून ओरडतो. ऐकायला झकास. पण हिशेब केला तर सुमारे ११० इशारे येतील आणि त्यातले जवळपास १०० खोटे असतील. हे आकडे समजण्यासाठी घेतलेत, प्रत्यक्षातली चांगली साधनं याहून खूप कमी चुकतात. पण दुर्मीळ गोष्ट शोधताना खोटे इशारे भाव खाऊन जातात, हे वैद्यकीय चाचणीतही खरं आणि तुमच्या प्रयोगातही खरं.

घंटेची नक्कल

लोक घंटेला घाबरतात हे दिसल्यावर घंटाच विकणारे आले. २००० नंतरच्या दशकात 'विनफिक्सर', 'ड्राइव्हक्लीनर', 'एक्सपी अँटीव्हायरस' अशा नावांनी खोटी तपासणी दाखवणाऱ्या जाहिराती पसरल्या. पान उघडलं की पडद्यावर हिरवी पट्टी सरकायची, 'स्कॅन चालू आहे', मग 'अमुक इतके धोके सापडले'. प्रत्यक्षात काहीच तपासलेलं नसायचं. ते नुसतं चलचित्र असायचं. घाबरलेला माणूस पैसे भरून निरुपयोगी सॉफ्टवेअर घ्यायचा. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या टोळीवर खटला भरला. फसलेल्यांची संख्या दहा लाखांहून जास्त असल्याचं त्यांनी सांगितलं. २०१२ मध्ये एका आरोपीविरुद्ध १६.३ कोटी डॉलरचा निकाल लागला.

इथे संदेश लिहिणारा दुसऱ्यांदा बदलला. आधी व्हायरस, मग अँटीव्हायरस, आता अँटीव्हायरसचं सोंग घेतलेला ठग. तंत्र सारखं बदलत गेलं, पण नाटक तेच राहिलं. आज हेच ब्राउझरच्या नोटिफिकेशनमधून चालतं. एखादी साइट म्हणते, 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला परवानगी द्या दाबा'. तुम्ही दाबलं की तिला तुमच्या पडद्याच्या कोपऱ्यात हवं ते लिहायचा परवाना मिळतो. मग नामांकित कंपन्यांचे लोगो लावलेले इशारे दिवसभर येत राहतात.

घंटाच वाजली नाही

दुसरा प्रकार जास्त वाईट. संसर्ग आहे आणि पडदा शांत.

२७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' नावाचं मालवेअर जगभर पसरलं. न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाची एपीएम टर्मिनल्स चालवत असलेल्या टर्मिनलचं संगणकीय काम ठप्प झालं आणि कंटेनरची कामं हाताने करायची वेळ आली. हे मालवेअर सुरुवातीला शिरलं ते युक्रेनमधल्या एका सर्रास वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून. भलत्यासलत्या साइटवर कोणी गेलं नव्हतं.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. एटीएममध्ये कार्ड टाकल्यावर विचारणा स्विच नावाच्या यंत्रणेतून बँकेच्या मुख्य संगणकाकडे जाते आणि तिथून 'खात्यात पैसे आहेत, द्या' असं उत्तर येतं. हल्लेखोरांनी मालवेअर वापरून मध्येच एक बनावट स्विच उभा केला. विचारणा मुख्य संगणकापर्यंत पोचतच नव्हती, बनावट स्विच प्रत्येकीला 'मंजूर' म्हणत होता. ११ ऑगस्ट २०१८ ला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, भारतातून आणखी अडीच कोटी गेले. १३ ऑगस्टला स्विफ्टमार्फत सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळवले. एकूण ९४ कोटींहून जास्त. आधी पैसे गेले, संसर्ग नंतर कळला.

जोशी व्हायरसला आपलं नाव दाखवायचं होतं. कॉसमॉसमधल्या मालवेअरला गप्प राहायचं होतं, कारण मध्ये पैसा आला. म्हणून आजच्या काळात उलटा नियम जास्त खरा ठरतो : जो पडद्यावर येऊन ओरडतो तो बहुधा तुमच्याकडून काहीतरी करवून घ्यायला आलेला असतो.

सापडलं म्हणजे त्यानेच केलं?

एक शेवटची घटना, आणि संशोधनाच्या दृष्टीने मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. त्या वेळी कारण सांगितलं गेलं ते कळवा–पडघा ४०० केव्ही यंत्रणेतल्या बिघाडाचं : एका सर्किटची दुरुस्ती चालू असताना भार दुसऱ्यावर गेला आणि ते ट्रिप झालं. २८ फेब्रुवारी २०२१ ला न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली, की 'रेकॉर्डेड फ्यूचर' या कंपनीला भारताच्या वीज यंत्रणेत चीनशी संबंधित मालवेअरच्या खुणा दिसल्या आहेत. १ मार्चला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन १४ ट्रोजन हॉर्स आणि ८ जीबी हिशेबाबाहेरचा डेटा यांचा उल्लेख केला. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, वीज मानवी चुकीमुळे गेली, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही. आणि त्या कंपनीनेही आपल्याला मालवेअर आणि वीज जाणं यांचा संबंध सिद्ध करता आलेला नाही, असंच म्हटलं होतं.

इथे दोन वेगळी विधानं एकात मिसळली गेली. 'यंत्रणेत मालवेअरच्या खुणा आहेत' हे एक विधान. 'त्यामुळे वीज गेली' हे दुसरं, आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. तुमच्या व्हायव्हात परीक्षक हेच विचारणार आहेत : सहसंबंध दाखवलात, कारण कुठे दाखवलंत?

माजरीच्या लॅपटॉपचं काय झालं

सकाळी आम्ही फोनवर बसून तीन प्रश्न विचारले.

पहिला, बोलतंय कोण? आदल्या रात्रीचा पहिला इशारा त्याच्या संगणकातल्या अँटीव्हायरसचाच होता. पुढच्या चौकटींवर मात्र भलत्याच कंपनीचं नाव होतं, जिचं सॉफ्टवेअर त्याच्याकडे नव्हतंच. शिवाय खरा अँटीव्हायरस ब्राउझरच्या चौकटीत फोन नंबर देऊन 'आत्ता फोन करा' म्हणत नाही.

दुसरा, त्याने काय बघितलं आणि काय केलं? अँटीव्हायरसच्या हिस्ट्रीमध्ये नोंद होती : साइटचा पत्ता काळ्या यादीतला, पान अडवलं. दार उघडायच्या आतच अडवलं असा त्याचा अर्थ. 'सापडलं आणि क्वारंटाइन केलं' अशी नोंद असती तर फाइल संगणकात आली, पण कोंडली गेली. 'काढता आलं नाही' असं असतं तर मात्र खरी काळजी.

तिसरा, त्यानंतर काही चाललं का? डाउनलोड्समध्ये नवीन फाइल नव्हती, नवीन प्रोग्रॅम नव्हता. नुसतं पान उघडून संसर्ग होत नाही असं नाही. २०१० ते २०१३ च्या दरम्यान 'ब्लॅकहोल'सारखी साधनं जुन्या जावा आणि फ्लॅशमधल्या भोकांतून नुसत्या भेटीवर मालवेअर घुसवायची. पण फ्लॅश २०२० अखेर बंद झालं आणि आजचे ब्राउझर प्रत्येक पानाला वेगळ्या कप्प्यात बंद ठेवतात. ब्राउझर आणि विंडोज अपडेट केलेले असतील तर आता बहुतेक वेळा मालवेअरला तुमच्याच हाताची मदत लागते : फाइल उघडणं, परवानगी देणं, फोन करणं.

ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी मिळालेल्या साइटची यादी उघडली, तर एक अनोळखी नाव बसलेलं. 'रोबोट नाही' म्हणून त्याने परवानगी दिली होती. ती काढली, चौकटी थांबल्या. तरी पूर्ण स्कॅन केलं. 'केंद्र सरकारच्या सर्ट-इनने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राकडे फुकट साधनं मिळतात, त्याने दुसऱ्यांदा तपास', असंही सांगितलं. दोन्हीकडे काही निघालं नाही. त्या नंबरवर फोन करून पैसे गेले असते तर लगेच १९३० ला कळवावं लागलं असतं, तशी वेळ आली नाही.

काही निघालं नाही म्हणजे काही नाहीच, असं कोहेनची सिद्धता आपल्याला म्हणू देत नाही. म्हणून महत्त्वाच्या खात्यांचे पासवर्ड त्याने दुसऱ्या फोनवरून बदलले. आणि मुख्य काम, आकड्यांच्या तीन प्रती केल्या : एक लॅपटॉपमध्ये, एक घरातल्या हार्ड डिस्कवर जी एरवी लॅपटॉपला जोडलेली नसते, एक ऑनलाइन. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी नेतो तो पेनड्राइव्ह त्याने या कामातून बाद केला. संसर्ग तिथूनच यायची शक्यता त्या साइटपेक्षा मला जास्त वाटते.

त्या रात्री त्याचं खरं नुकसान कोणी करू शकलं असतं, तर ते दोघांनी : खोट्या नंबरवाल्याने आणि चांगल्या मनाने फॉरमॅट मारायला बसलेल्या शेजाऱ्याने. तुम्ही हे वाचत असाल आणि तुमच्या डेटाची एकच प्रत असेल, तर पुढचा धडा वाचायच्या आधी दुसरी करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.